शत्रूच्या ताब्यातलं वर्तमानपत्र आणि मुलांची चित्रकथा: टिनटिन, ब्रसेल्स, 1940 ते 1944

पार्श्वभूमी

10 मे 1940 रोजी जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि त्याच आठवड्यात चित्रकथेतला तरुण बातमीदार टिनटिन पश्चिम आशियाच्या वाळवंटात अर्ध्यावर अडकून पडला. 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड' ही गोष्ट तेव्हा क्रमशः चालू होती. ती छापणारी गुरुवारची बालपुरवणी 'ल प्ती व्हँतिएम' बंद पडली आणि तिचं मूळ दैनिक 'ल व्हँतिएम सिएक्ल'ही कायमचं मिटलं. वाचकांना ती गोष्ट पुढे वाचायला मिळाली ती 1948 मध्ये.

टिनटिनचा लेखक-चित्रकार जॉर्ज रेमी, म्हणजे एर्झे, याची सगळी कारकीर्द याच दैनिकात घडली होती. दैनिक कॅथलिक आणि सनातनी वळणाचं, त्याचा सूत्रधार नॉर्बेर वालेझ नावाचा धर्मगुरू. 10 जानेवारी 1929 रोजी टिनटिन पहिल्यांदा या पुरवणीत आला आणि पुढची अकरा वर्षं दर आठवड्याला येत राहिला. 'द ब्लू लोटस'मध्ये चीनवरच्या जपानी आक्रमणाचा निषेध होता. 'किंग ऑटोकार्स सेप्टर' तर 1938-39 मधली, म्हणजे हिटलरने ऑस्ट्रिया गिळली त्या सुमाराची. शेजारचं बलाढ्य राष्ट्र एका छोट्या राज्याचा घास घेऊ पाहतं आणि टिनटिन तो कट उधळून लावतो, अशी ती गोष्ट. त्यातल्या कटवाल्याचं नाव म्युसलर. ते मुसोलिनी आणि हिटलर या दोन नावांतून बनवलेलं आहे हे त्या काळच्या वाचकाला कुणी सांगावं लागत नव्हतं. पुढे काय घडलं ते समजून घेताना हा पूर्वेतिहास विसरता येत नाही. हा माणूस राजकारणाबाबत आंधळा नव्हता.

28 मे रोजी बेल्जियमने शरणागती पत्करली. सरकार देशाबाहेर गेलं, राजा तिसरा लिओपोल्ड मात्र देशातच राहिला आणि लोकांनी कामाला लागून देश पुन्हा उभा करावा, असं त्याने सांगितलं. लाखो बेल्जियन लोकांसारखा एर्झेही फ्रान्समध्ये पळाला होता. जूनअखेर तो ब्रसेल्सला परतला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. दैनिक गेलेलं, पगार गेलेला, आणि हातात देशातली सर्वांत लोकप्रिय बालचित्रकथा, जिला छापायला जागा नव्हती.

पेच

'ल स्वार' हे तेव्हा बेल्जियममधलं सर्वांत मोठं फ्रेंच दैनिक. जर्मन आले तेव्हा त्याच्या मालकांनी, रोसेल घराण्याने, छपाई थांबवली. काही आठवड्यांतच जर्मनांनी इमारत, यंत्रं आणि नाव ताब्यात घेऊन त्याच नावाने अंक सुरू केला. मथळा जुनाच, अक्षरं जुनीच, मजकुरावर मात्र जर्मन प्रचारखात्याची नजर. ब्रसेल्सकरांनी त्याला 'चोरलेला स्वार' हे नाव दिलं. संपादकपदी रेमों द बेकर आला. जर्मनीच्या वर्चस्वाखालच्या नव्या युरोपीय व्यवस्थेवर त्याची मनापासून श्रद्धा होती आणि एर्झेशी ओळख युद्धापूर्वीची.

ताब्यात घेतलेल्या वर्तमानपत्राची अडचण उघड असते. लोक ते विकत घेतात, कारण शिधावाटपाच्या सूचना, रेल्वेचं वेळापत्रक, मरणाच्या बातम्या दुसरीकडे मिळत नाहीत. विश्वास मात्र कुणी ठेवत नाही. मग घरात ते आनंदाने उघडलं जावं अशी एखादी गोष्ट संपादकाला हवी असते. द बेकरला मुलांची पुरवणी हवी होती आणि तिच्या पहिल्या पानावर टिनटिन.

एर्झेच्या बाजूने पाहिलं तर हा आपणहून चालून आलेला रोजगार होता. ताब्याच्या काळात 'ल स्वार'चा खप 3 लाखांच्या घरात गेला, त्याच्या जुन्या दैनिकाच्या कित्येक पट. ज्या माणसाचं पात्र तोवर एका मध्यम खपाच्या कॅथलिक दैनिकापुरतं होतं, त्याला एकदम सगळा फ्रेंचभाषक बेल्जियम मिळत होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय चित्रं काढणं थांबवण्याचा. अनेक पत्रकारांनी आणि लेखकांनी तेव्हा लेखणी खाली ठेवली. त्याची किंमत खरी होती: पगार बंद आणि वाचकांच्या विस्मृतीत जाण्याची भीती. पण जीव जाण्याचा धोका त्यात नव्हता. बालचित्रकार घरी बसला म्हणून कुणी त्याला तुरुंगात टाकणार नव्हतं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण नंतरच्या बचावात "दुसरा इलाज नव्हता" हा सूर वारंवार लागतो.

दुसरा पर्याय फक्त अल्बमांवर, म्हणजे पुस्तकरूपातल्या गोष्टींवर, राहण्याचा. तुर्ने शहरातली कास्तरमान ही प्रकाशनसंस्था 1930 च्या दशकापासून टिनटिनची पुस्तकं काढत होती आणि युद्धकाळात ती जोरात विकली गेली. मात्र जुनी पुस्तकं पुन्हा छापणं एक आणि नवी गोष्ट रचणं दुसरं. एर्झेची सवय क्रमशः प्रसिद्धीची होती. अंकाची मुदत मानेवर असल्याशिवाय त्याच्या हातून गोष्ट पुढे सरकत नसे.

तिसरा पर्याय दुसऱ्या नियतकालिकाचा. बेल्जियन फॅसिस्टांच्या रेक्स पक्षाच्या मुखपत्राकडून त्याला विचारणा झाली होती आणि ती त्याने नाकारली. म्हणजे नकार देणं त्याला जमत होतं आणि रेषा कुठे ओढायची याचा विचारही त्याने केला होता. ती त्याने पक्षाच्या पत्रापाशी ओढली, जर्मनांच्या ताब्यातल्या 'स्वतंत्र' दैनिकापाशी ओढली नाही.

तुलनेसाठी एक उदाहरण त्याच देशात, त्याच वर्षांत मिळतं. मार्सिनेल गावच्या द्युप्वी घराण्याचं 'स्पिरू' हे साप्ताहिक 1938 पासून निघत होतं. ताब्याच्या काळात तेही छापलं जात होतं, त्यालाही परवाने आणि कागद लागत होता, तडजोडी त्यालाही कराव्या लागल्या. पण ते मुलांचं साप्ताहिक होतं आणि मालकांच्याच हातात होतं. त्याच्या पानांना पाठपोट लागून जर्मन लष्कराच्या विजयवार्ता येत नव्हत्या. त्याचा संपादक ज्यां द्वाझी प्रतिकार चळवळीत होता. संस्थेवर जर्मन व्यवस्थापक बसवून घ्यायला द्युप्वींनी नकार दिला आणि सप्टेंबर 1943 मध्ये साप्ताहिक बंद करण्यात आलं. म्हणजे मधली वाट होती, अरुंद असली तरी.

चौथा पर्याय द बेकरचा. एर्झेने तो घेतला.

काय केलं गेलं

17 ऑक्टोबर 1940, गुरुवार. 'ल स्वार जनेस' ही पुरवणी सुरू झाली आणि तिच्यात 'द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज' ही नवी गोष्ट. सोबतीला जुन्या दैनिकातला सहकारी पॉल जामां आणि मित्र जाक व्हान मेल्केबेक. पुढे अकरा दिवसांनी, 28 ऑक्टोबरला, बेल्जियममधल्या जर्मन लष्करी प्रशासनाने ज्यूंविरुद्धचे पहिले हुकूम काढले. त्यानुसार ज्यूंची नोंदणी सुरू झाली आणि त्यांना सरकारी नोकरी, वकिली, अध्यापन आणि पत्रकारिता यांतून बाहेर काढण्यात आलं. एर्झेला जागा मिळाली त्याच महिन्यात त्या धंद्याचे दरवाजे दुसऱ्या काही माणसांवर बंद झाले. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुरवणीच्या पहिल्या अंकाकडे निव्वळ बालसाहित्य म्हणून पाहणं कठीण जातं.

पुरवणीची गंमत कागदटंचाईने संपवली. मे 1941 मध्ये आठ पानांची चार झाली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पुरवणीच बंद पडली. टिनटिन मुख्य अंकात आला, रोज, तीन-चार चौकटींच्या एका पट्टीत.

चित्रकथेच्या कलेच्या दृष्टीने ही फार मोठी घटना आहे, त्यामुळे इथे थोडं थांबायला हवं. आठवड्याला अख्खं पान मिळतं तेव्हा लेखक रमतगमत जातो. एखादा विनोद सहा चौकटी रंगवता येतो. रोज चारच चौकटी मिळाल्या की प्रत्येक पट्टीला स्वतःचा कणा लागतो: पहिल्या चौकटीत कालचा धागा, मधे एक घडामोड किंवा फजिती, शेवटच्या चौकटीत दारावर थाप, हरवलेलं पाकीट, कुणीतरी झाडलेली गोळी. उद्याचा अंक घ्यायला लावेल असं काहीतरी. 'द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न' काढून पाहा. जुन्या बाजारातली जहाजाची प्रतिकृती, तिच्यासाठी दोन अनोळखी माणसांची घासाघीस, डोलकाठीत लपवलेली गुंडाळी, पाकीटमार, आणि मधे टिनटिनचा दर्यावर्दी मित्र कॅप्टन हॅडॉक पूर्वजाची तलवार परजत पलंगा-खुर्च्यांवरून चाच्यांशी लढतो. सगळं किती घट्ट विणलेलं आहे. ही वीण दैनिक पट्टीच्या शिस्तीतून आली. 11 जून 1942 ते 14 जानेवारी 1943 अशी ती रोज छापली गेली आणि तिचा उत्तरार्ध 'रेड रॅकहॅम्स ट्रेझर' फेब्रुवारी ते सप्टेंबर 1943 मध्ये. हॅडॉक, प्रोफेसर कॅलक्युलस आणि मार्लिनस्पाइकचा वाडा, म्हणजे आज टिनटिन म्हटलं की जे घर डोळ्यांसमोर येतं ते सगळं, शत्रूच्या ताब्यातल्या या दैनिकात जन्मलं.

कागदाने आणखी एक गोष्ट ठरवली. युद्धापूर्वीचे अल्बम शंभराहून अधिक पानांचे आणि कृष्णधवल होते. कास्तरमानने सुचवलं की पानं 62 वर आणू आणि त्याबदल्यात सगळं चार रंगांत छापू. एर्झेने सुरुवातीला कुरकुर केली, मग तो तयार झाला. 1942 मध्ये 'द शूटिंग स्टार' या साच्यात निघालेला पहिला अल्बम ठरला. जुन्या गोष्टीही याच मापात पुन्हा आखणं सुरू झालं, त्यासाठी मदतनीस लागले आणि जानेवारी 1944 पासून चित्रकार एडगर जेकब्स त्याच्या हाताखाली आला. टिनटिनचं जवळपास कुठलंही पुस्तक हातात घ्या, त्याची 62 पानं हा युद्धातल्या कागदटंचाईचा ठसा आहे.

विषयांच्या बाबतीत एर्झेने सरळ पाठ फिरवली. राजकारण नाही, जर्मन गणवेश नाही, बॉम्ब नाही, शिधापत्रिका नाही. अफूचे चोर, बुडालेलं जहाज, चाच्यांचा खजिना, इंका राजाची ममी. रोज रात्री हवाई हल्ल्यांच्या भोंग्यांनी उठणाऱ्या मुलांना याचा किती आधार वाटला असेल हे मला समजतं आणि त्याला मी कमी लेखणार नाही.

पण एक गोष्ट या नियमात बसत नाही.

'शूटिंग स्टार'च्या पट्ट्या

ही गोष्ट 20 ऑक्टोबर 1941 ते 21 मे 1942 या काळात दैनिकात आली. आकाशातून एक उल्का उत्तरेच्या समुद्रात पडते, तिच्यात अज्ञात धातू आहे आणि ती गाठायला दोन जहाजं निघतात. टिनटिनच्या जहाजावर शास्त्रज्ञ आहेत ते जर्मनी, स्पेन, पोर्तुगाल, स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे, म्हणजे सगळे जर्मनीच्या बाजूच्या किंवा तटस्थ देशांतले. टिनटिन ज्या समुद्री विमानातून उडतो ते जर्मन आराडो 196. समोरचं लबाड जहाज 'पिअरी', त्यावर अमेरिकेचा झेंडा, आणि त्यामागे पैसा ओतणारा न्यूयॉर्कचा बँकवाला ब्लुमेनस्टाइन. जाड ओठ, मोठं नाक, तोंडात चिरूट. नाव ज्यू, चेहरा प्रचारपत्रकांतला.

त्याही आधी, गोष्टीच्या सुरुवातीला, जगाचा अंत जवळ आल्याची दवंडी पिटली जाते तेव्हा एका पट्टीत दोन ज्यू दुकानदार दाखवले आहेत. जग बुडालं तर माल पुरवणाऱ्यांचे थकलेले पैसे द्यावे लागणार नाहीत, म्हणून त्यांना आनंद होतो. हा विनोद नोव्हेंबर 1941 मध्ये छापला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अँटवर्पमध्ये जमावाने ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली होती. गोष्ट संपली त्यानंतर आठवडाभरात बेल्जियममधल्या ज्यूंना पिवळी चांदणी लावण्याचा हुकूम निघाला आणि 4 ऑगस्ट 1942 रोजी मेखेलनच्या दोसां बराकीतून ऑशविट्झकडे पहिली गाडी सुटली. जुलै 1944 पर्यंत त्या बराकीतून सुमारे 25 हजार माणसं पाठवली गेली आणि त्यांतली बहुतेक परतली नाहीत.

कथेला ती पट्टी लागत नव्हती. ती काढल्याने गोष्टीचं काहीच बिघडत नाही, आणि याचा पुरावा स्वतः एर्झेनेच दिला: 1942 च्या अल्बमसाठी पानं कमी करताना त्याने ती वगळली आणि कथेत कुठे खड्डा पडला नाही. दैनिकात नोकरी धरण्यामागची मजबुरी समजून घेता येते. या दोन चौकटींमागे मला कुठलीच मजबुरी सापडत नाही. संपादकाला पट्टी हवी होती, त्यात ज्यू हवेच होते असं नाही. बाकी सगळ्या गोष्टींत राजकारण टाळता आलं, मग इथेच का आलं? माझ्या मते उत्तर साधं आणि अप्रिय आहे. असा विनोद त्या कॅथलिक, सनातनी वर्तुळात पूर्वीपासून रुळलेला होता. आजूबाजूला काय चाललंय याकडे त्याने नजर वळवली नाही आणि हात जुन्या सवयीने चालला.

वातावरण बदलतं तेव्हा

1943 पर्यंत वारं फिरलं होतं. नात्सींशी मतभेद झाल्याने ऑक्टोबरमध्ये द बेकरला संपादकपदावरून हटवण्यात आलं. पुढच्याच महिन्यात, 9 नोव्हेंबरला, प्रतिकार चळवळीतल्या 'फ्रों द लँदेपांदांस' गटाने एक अचाट काम केलं. 'ल स्वार'चा हुबेहूब खोटा अंक छापला, जर्मन युद्धवार्तांची टर उडवणारा, आणि नेहमीच्या विक्रेत्यांच्या ठेल्यांवर खऱ्या अंकाच्या आधी पोहोचवला. एकूण 50 हजार प्रती निघाल्या. लोक हसत होते, एकमेकांना दाखवत होते. छापणारे आणि वाटणारे मात्र पकडले गेले, त्यांतल्या काहींना छळछावण्यांत धाडलं गेलं आणि सगळे परतले नाहीत.

या घटनेचं स्थान आपल्या प्रकरणात नेमकं आहे. 'रेड रॅकहॅम्स ट्रेझर' 23 सप्टेंबरला संपली होती आणि पुढची गोष्ट सुरू झाली नव्हती. हातात काम नसलेली ती मधली फट होती. संपादक, ज्याच्याशी मैत्री, तो गेलेला. इटली शरण गेलेली. आणि आपण ज्या नावाखाली चित्रं काढतो त्या नावाची टिंगल करण्यासाठी गावातली माणसं जीव धोक्यात घालत आहेत, हे अख्ख्या शहराला दिसलेलं. बाहेर पडण्यासाठी याहून चांगला मुहूर्त चार वर्षांत आला नव्हता. प्रकृतीचं किंवा अल्बमांच्या कामाचं कारण सहज पुढे करता आलं असतं, आणि दोन्ही कारणं खोटी ठरली नसती.

16 डिसेंबर 1943 रोजी 'द सेव्हन क्रिस्टल बॉल्स'ची पहिली पट्टी 'ल स्वार'मध्ये आली.

परिणाम

3 सप्टेंबर 1944 रोजी ब्रिटिश फौजा ब्रसेल्समध्ये आल्या आणि 'चोरलेला स्वार' बंद पडला. टिनटिन पुन्हा एकदा अर्ध्यावर अडकला. 6 सप्टेंबरला खऱ्या मालकांचा 'ल स्वार' बाहेर आला आणि जुन्या चमूला दारं बंद झाली. दोस्त राष्ट्रांच्या लष्कराने ताब्याच्या काळातल्या वर्तमानपत्रांत काम केलेल्या सर्वांवर तात्पुरती व्यवसायबंदी घातली. एर्झेला थोड्या दिवसांत चार वेळा, वेगवेगळ्या गटांनी, पकडून नेलं. एक रात्र त्याने कोठडीत काढली. प्रतिकारवाल्यांच्या एका यादीत त्याचं नाव देशद्रोह्यांमध्ये होतं आणि 'ल पात्री' या वृत्तपत्राने टिनटिनलाच नात्सींच्या देशात पाठवणारी विडंबनपट्टी छापली.

सहकाऱ्यांच्या वाट्याला जास्त आलं. द बेकरला आणि जामांला फाशीची शिक्षा सुनावली गेली. दोघांचीही फाशी टळली, पण दोघांनी वर्षानुवर्षं तुरुंगात काढली. एर्झेची फाईल 1945 च्या अखेरीस बंद झाली. ज्या अभियोक्त्याकडे ती होती त्याचं मत नोंदलेलं आहे, आणि मला ते संपूर्ण प्रकरणाचं मर्म वाटतं. निरुपद्रवी बालचित्रकारावर खटला भरला तर न्यायसंस्थेचंच हसं होईल, हा त्याचा एक विचार. दुसरा विचार असा की लोक ते वर्तमानपत्र विकत घेत होते ते बऱ्याच अंशी याच चित्रांसाठी. दोन्ही वाक्यं खरी आहेत. अभियोक्त्याने पहिल्याला जास्त वजन दिलं.

व्यवसायबंदी तरीही उठली नव्हती. पुन्हा छापायचं तर नागरिकत्वाच्या सचोटीचा दाखला हवा होता. तो मिळाला रेमों लब्लांमुळे. लब्लां स्वतः प्रतिकार चळवळीत लढलेला, त्याला मुलांचं साप्ताहिक काढायचं होतं आणि ते टिनटिनच्या नावावरच चालेल याची त्याला खात्री होती. दाखल्यांचं काम पाहणारे विल्यम युझ, तेही प्रतिकारातले, यांनी फाईल पाहून निष्कर्ष काढला तो देशद्रोह्याचा नव्हता, घोडचूक करणाऱ्याचा होता. 26 सप्टेंबर 1946 रोजी 'टिनटिन' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, फ्रेंच 40 हजार आणि डच 20 हजार प्रती, त्या हातोहात खपल्या. 'द सेव्हन क्रिस्टल बॉल्स'ची अर्धवट राहिलेली इंकांची गोष्ट तिथे पुन्हा सुरू झाली, आता रंगीत.

एर्झे मात्र त्या काळात आतून खचला होता. कामं अर्ध्यावर टाकून तो गायब व्हायचा, अर्जेंटिनाला जाऊन राहण्याचा विचार करायचा. मित्रांना शिक्षा झाल्या याचा राग त्याच्या मनात राहिला. त्याने अनेकांना आपल्या साप्ताहिकाच्या आडोशाने काम दिलं. व्हान मेल्केबेक तर पहिला संपादक होता, पण त्याच्यावरची जुनी प्रकरणं उकरली गेली तेव्हा त्याला लगेच बाजूला व्हावं लागलं. नव्या युरोपीय व्यवस्थेवर आपणही विश्वास ठेवला होता आणि ती मोठी चूक होती, हे एर्झेने उघडपणे कबूल केलं ते 1970 च्या दशकात.

निर्णयाच्या जागा

या प्रकरणाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: 'ल स्वार'मध्ये जायला हवं होतं का? मला तो प्रश्न अपुरा वाटतो. ऑक्टोबर 1940 मध्ये अर्ध्या युरोपला युद्ध संपलं असंच वाटत होतं, राजा कामाला लागा म्हणत होता आणि घरभाडं थकत होतं. त्या क्षणी हो म्हणणाऱ्या माणसाबद्दल मी घाईने निवाडा करणार नाही. पण हो म्हटल्यावर चार वर्षं जातात, आणि त्या चार वर्षांत तो हो कुठल्याही महिन्यात मागे घेता येतो.

सप्टेंबर 1941 ही अशी पहिली जागा. पुरवणी बंद झाली तेव्हा करार जणू आपोआप सुटला होता. बालपुरवणीचा संपादक असणं आणि मुख्य अंकात, युद्धवार्तांच्या शेजारी, रोज चार चौकटी भरणं यात मोठा फरक आहे. पुरवणी निदान वेगळी काढून मुलांच्या हातात देता येत होती. पट्टीसाठी अख्खा अंक घ्यावा लागतो. हा बदल स्वीकारताना आपलं काम आता नेमकं काय विकतं, हा विचार करायला हवा होता. 1943 च्या शरद ऋतूतली जागा दुसरी, तिच्याबद्दल वर लिहिलं आहेच.

तिसरी जागा युद्धानंतरची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अल्बमांच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त्या झाल्या. 1954 पासून 'पिअरी'वर अमेरिकेऐवजी साओ रिको नावाच्या काल्पनिक देशाचा झेंडा आला, ब्लुमेनस्टाइनचा बोलविंकल झाला. योगायोग असा की तेही एक खरं ज्यू आडनाव निघालं. चेहरा जवळपास तोच राहिला. कुठल्याही आवृत्तीत, काय बदललं आणि का, याची दोन ओळींची टीप आली नाही. एर्झे आणि प्रकाशक दोघांनाही ती देता आली असती. 1954 मध्ये ती टीप वाचली असती असे पालक हे 1941 मध्ये दोन दुकानदारांची पट्टी वाचलेले वाचक होते. त्यांनी ती पाहिली होती, आणि ज्यांची टर तिच्यात उडवली होती त्यांच्यातले वाचलेले लोकही त्याच शहरात राहत होते. गुपचूप पुसल्याने पुढच्या पिढीचं पुस्तक स्वच्छ झालं, पण ज्यांना लागलं होतं त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

द बेकरच्या जागी असलेल्या माणसाने काय वेगळं करायला हवं होतं, हा प्रश्न मी सोडून देतो. त्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं. कास्तरमानबद्दल मात्र विचारायला हवं. जर्मन सेन्सॉरने युद्धकाळात 'टिनटिन इन अमेरिका' आणि 'द ब्लॅक आयलंड' यांच्या पुनर्मुद्रणावर आक्षेप घेतला, कारण त्यांत अमेरिका आणि ब्रिटन होतं. म्हणजे कुठल्या पानावर काय आहे याकडे सगळ्यांचं बारीक लक्ष होतं. 'शूटिंग स्टार' छापताना दोन दुकानदार गेले, ब्लुमेनस्टाइन तसाच राहिला, आणि लेखक-प्रकाशकांच्या या निवडीचा अल्बम निघाला तो ऑगस्टमध्ये गाड्या सुटायला लागल्या त्याच वर्षी.

आपल्याकडे टिनटिन पोहोचला तो इंग्रजी अल्बमांतून. शाळेच्या ग्रंथालयात आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांत मिळत ते सगळे दुरुस्त केलेल्या आवृत्तीचे. त्यामुळे मराठी वाचकाला या गोष्टी माहीत नसणं स्वाभाविक आहे. ज्याला हे प्रकरण खरोखर अभ्यासायचं आहे त्याने अल्बमवर थांबू नये. मूळ दैनिक पट्ट्या पाहाव्यात आणि शक्य असेल तिथे अख्ख्या अंकाचं पान पाहावं, कारण नोव्हेंबर 1941 ची ती चौकट आजूबाजूच्या मजकुरासकट वाचली तरच ती तेव्हा काय करत होती हे समजतं.